काळुरामचं घोरणं

कंपनीतल्या दवाखान्यात औषधं कमी आणि किस्से जास्त साठतात. माणूस येतो बोटाला पट्टी बांधायला, आणि पट्टी बांधून होईपर्यंत घरातलं भांडण, सासऱ्याचं ऑपरेशन, पोरीचं ॲडमिशन, सगळं माझ्या टेबलावर ठेवून जातो. पट्टी दोन दिवसांनी सुटते. किस्सा माझ्याकडेच राहतो.

मी चाकणच्या एका कंपनीत सिस्टर आहे. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनतात आमच्याकडे. प्रेस शॉपला लागून माझी दहा बाय बाराची खोली आहे. त्यात एक कॉट, एक वजनकाटा, बीपीचं मशीन, एक छोटा फ्रिज आणि एक रजिस्टर. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, बाकी राज्य माझं. मूळची मी लातूरकडची, राहते चऱ्होलीला, आणि तोंडाने फटकळ आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी राग धरायला नको.

आज सांगणार आहे ते सगळे किस्से एकाच माणसाचे. काळुराम. प्रेस ऑपरेटर. वय बेचाळीस, वजन एकशे बारा किलो.

* * *

काळुराम इथलाच, चाकणजवळच्या गावचा. घरी कांद्याची शेती आणि विसाव्या वर्षापासून कंपनी. जेवणाच्या सुट्टीत तो पाच मिनिटांत डबा संपवायचा आणि उरलेली पंचवीस मिनिटं डिस्पॅचमधल्या पुठ्ठ्यांवर आडवा व्हायचा. आडवा झाला की मिनिटभरात घोरणं सुरू. असलं घोरणं मी नंतर कुठे ऐकलं नाही.

एकदा मेंटेनन्सला नवीन इंजिनिअर आले होते. पहिल्याच दिवशी ते कान टवकारून अख्खी एअर लाइन तपासत फिरले, कुठेतरी मोठं लीकेज आहे म्हणाले. आमचे सुपरवायझर शिंदे दादा त्यांच्या मागे मागे शांतपणे चालत पुठ्ठ्यांपर्यंत आले आणि म्हणाले, "साहेब, हे लीकेज नाही. हा काळुराम आहे."

पुढे कंपनीत फॅमिली चेकअपचा दिवस होता. काळुरामची बायको सुनंदा माझ्यासमोर बसली. बारीक, हसरी बाई. मी बीपीचा पट्टा बांधत होते तर ती म्हणाली, "ताई, माझं राहू द्या. ह्यांच्या घोरण्यावर काय गोळी असंल तर द्या. अठरा वर्सं झाली, धड झोपले न्हाई." सगळ्या बायका खो खो हसल्या. मीही हसले, आणि मग मशीनकडे पाहिलं. एकशे नव्वद आणि एकशे पंधरा. मी पट्टा सोडून परत बांधला. तेवढंच आलं.

पंधरा दिवसांत रिपोर्ट आले. सुनंदाच्या दोन्ही किडन्या गेल्यातच जमा होत्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा कासारवाडीला डायलिसिस सुरू झालं.

* * *

आमच्या कॅन्टीनमध्ये महिन्यातून एकदा गुलाबजाम असतो. त्या दिवशी काळुरामने वाटी परत सरकवली. पुऱ्या लाइनने मान वळवून बघितलं. दर महिन्याला दुसऱ्यांच्या ताटातले उचलणारा हा माणूस.

शिंदे दादांनी सुरुवात केली. काय राव, दुसरं लग्न ठरलं की काय? मग बाकीच्यांना काय, आयतंच मिळालं. कुणी जिम विचारली, कुणी पोरीचं नाव विचारलं. काळुराम भाकरी चावत राहिला. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्याने सांगितलं, "सुनंदाला किडनी द्यायचीय. रक्तगट जुळला. डाक्टर म्हणले, आधी वजन नव्वदच्या आत आण."

शिंदे दादांच्या ताटात तीन गुलाबजाम होते, ते तसेच राहिले. संध्याकाळी शिंदे दादा माझ्या खोलीत आले, उगाच वजनकाट्यावर उभे राहिले, उतरले. मग म्हणाले, सिस्टर, माझ्या बायकोला लागली असती तर मी दिली असती का हो? मी म्हटलं, मला कशाला विचारता, घरी जाऊन तिच्यासमोर बसून विचारा. ते काही विचारलं असेल असं मला वाटत नाही.

* * *

एका गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, मी सुनंदाला बघायला त्यांच्या घरी गेले. अंगणात काळुरामची आई कांदे निवडत बसलेली. मला बघून तिने मनातलं सगळं बाहेर काढलं. बाई पुरुषाला देती हे ऐकलंय आमी, म्हणाली, पण पुरुषानं बाईला दिलेली कुठं बघितली न्हाई. उद्या ह्यालाच काय झालं तर दोन लेकरांकडं बघायचं कुणी?

सुनंदा आत चहा टाकत होती. तिला सगळं ऐकू जात होतं. काळुराम उंबऱ्यावर बसला होता. तो आवाज न चढवता म्हणाला, "आये, आन् तिला काय झालं तर कोण बघणार हाय?"

म्हातारी कांदे निवडत राहिली. वाईट नव्हती ती, घाबरली होती. दुसऱ्या दिवसापासून काळुरामच्या डब्यात दोनाऐवजी एकच भाकरी यायला लागली, तीही तिनेच थापलेली.

* * *

पण एक भाकरी कमी करून एकशे बाराचे नव्वद होत नाहीत. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी वजन उतरवायचं इंजेक्शन चालू केलं. पेनासारखं असतं. आठवड्यातून एकदा पोटाच्या चरबीत टोचायचं, भूक मरते. पहिल्या दोन महिन्यांत दहा किलो गेले. बेल्टला नवीन भोकं पाडायला तो माझ्याकडे जाड सुई मागायला आला.

तिसऱ्या महिन्यात डोस वाढला आणि झोप गेली. आडवं झालं की घशाशी आंबट यायचं, मळमळायचं, आणि डोळा लागलाच तर कसली कसली स्वप्नं पडून दचकून जाग. त्यात आमच्या शिफ्ट दर आठवड्याला बदलणाऱ्या. सुनंदाचा मला फोन आला. ताई, घोरणं थांबलं बघा, म्हणाली. मी म्हटलं, चला, तुझी अठरा वर्षांची तक्रार गेली. तर म्हणाली, "कशाची गेली? आता घोरत न्हाईत म्हणून मला झोप येईना. उठून बघती तर डोळे उघडे ठिवून आढ्याकडं बघत पडलेले असत्यात."

आणि झोप गेली तसा बीपी चढायला लागला. आधी कधी एकशे तीसच्या वर न गेलेला माणूस एकशे पंचावन्नवर. हॉस्पिटलवाल्यांनी सरळ सांगितलं, वजन उतरतंय हे ठीक, पण बीपी असा राहिला तर तुमची किडनी घेता येणार नाही. तेव्हा त्याची झोप ही आता त्याची एकट्याची राहिली नव्हती.

त्या दिवसापासून फर्स्ट शिफ्टला असला की तो रोज पावणेअकराला माझ्या खोलीत यायचा, बाही वर करायचा. मी बीपी रजिस्टरला लिहायचे. कारणाच्या रकान्यात बाकीच्यांचं डोकेदुखी, जखम, जुलाब. काळुरामच्या नावापुढे मी नुसतं 'रोजचं' लिहायचे.

* * *

सेफ्टी वीकमध्ये जेवणानंतर दोन तास ट्रेनिंग असतं. एसी हॉल, दिवे बंद, पडद्यावर स्लाइड. आजवर तिथे कुणी जागं राहिलेलं नाही. शिंदे दादा म्हणाले, सिस्टर, ह्याला ट्रेनिंगला बसवा, हत्तीसुद्धा झोपेल.

शेवटी साहेबांनी दिवे लावून प्रश्न विचारले. हॉलमध्ये साठ माणसं डोळे चोळत होती. काळुरामने दहाच्या दहा उत्तरं दिली. टाळ्या वाजल्या, त्याला स्टेजवर बोलावलं आणि पहिलं बक्षीस दिलं.

बक्षीस भिंतीवरचं घड्याळ होतं. झोप न येणाऱ्याला घड्याळ! त्याने ते घरी नेलंच नाही. माझ्या खोलीत लावलंय, अजून चालू आहे.

* * *

मग तो सोमवार. फर्स्ट शिफ्ट होती. पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या पुढे प्रकाशाचा पडदा असतो, मध्ये काहीही आलं की प्रेस जागच्या जागी थांबतो. हात वाचावेत म्हणून तो लावलेला. त्या दिवशी त्यात हात नव्हता, काळुरामचं कपाळ होतं. उभ्या उभ्या डोळा लागला आणि तो पुढे झुकला. प्रेस वीतभर वर थांबला.

शिंदे दादांनी त्याला कॉलरला धरून माझ्याकडे आणला. मी आधी शिंदे दादांचाच बीपी घेतला. रिपोर्टमध्ये त्यांनी 'सेन्सर तपासला, चालू आहे' एवढंच लिहिलं. मी सही केली. ते बरोबर केलं असं मी म्हणत नाही. खरं लिहिलं असतं तर त्याला घरी बसवला असता आणि कंपनीचा मेडिकल विमा गेला असता. त्याला त्याच दिवशी इन्स्पेक्शनच्या टेबलावर हलवलं, प्रेसला परत हात लावू दिला नाही.

कॉटवर झोप म्हटलं तर तासभर पंख्याकडे बघत पडला. मग मी चिडले आणि पहिल्यापासून एकेक विचारायला बसले. काय खातोस, चहा किती, इंजेक्शन कधी घेतोस?

"सुट्टीला," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी उलट्या होतात, प्रेसवर नको म्हणून सुट्टीच्या दिवशी.

मी कॅलेंडर काढलं. आमची सुट्टी गुरुवारची. पण त्या महिन्यात माल जायचा होता म्हणून कंपनीने सुट्ट्या पुढेमागे केल्या होत्या. गडी गुरुवारी एक टोचून, तीन दिवसांनी रविवारी सुट्टी आली तर दुसरं टोचून मोकळा. मग थेट अकरा दिवसांनी तिसरं. डॉक्टरने आठवड्यातून एकदा सांगितलेलं, वार ठरवून. पण आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात माणसाला वार कुठे असतात? फर्स्ट, सेकंड, थर्ड आणि सुट्टी, एवढंच असतं.

मी त्याला असं झापलं की बाहेर पट्टीला आलेला माणूस परत गेला. काळुरामने सगळं ऐकून घेतलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "पण सिस्टर, सुट्टी आली म्हंजे आठवडा संपलाच की."

* * *

त्याच दुपारी मी त्याच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मलाही झापलं, आणि माझी काही तक्रार नाही. डोस एक पायरी खाली आणला. इंजेक्शन मंगळवारी, शिफ्ट कुठलीही असो, माझ्यासमोर. त्याचा पेन माझ्या फ्रिजमध्ये धनुर्वाताच्या इंजेक्शनशेजारी राहायला आला. झोपायच्या तीन तास आधी जेवण, दुपारनंतर चहा बंद, कॉटच्या उशाखाली दोन विटा म्हणजे आंबट वर येणार नाही. खिडक्यांना त्याने कांद्याची बारदानं लावली.

बाकी सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी जायफळ उगाळून दिलं, कुणी तळपायाला घासायला काशाची वाटी आणली. एकाने ओळखीच्या मेडिकलमधून झोपेच्या गोळ्यांची अख्खी पट्टी आणली. ती मी त्याच्या हातातून घेतली, त्याच्यादेखत सिंकमध्ये एकेक गोळी फोडून पाणी सोडलं. ज्याची किडनी काढायचीय त्याच्या पोटात न विचारता काही घालायचं नाही, समजलं का सगळ्यांना?

राहिली थर्ड शिफ्ट. ती काही माझ्या हातात नव्हती. पण लाइनवरच्या अकरा जणांनी आपसात चिठ्ठ्या टाकल्या आणि काळुरामची थर्ड शिफ्ट वाटून घेतली. आठवड्याच्या आठवडे तो फर्स्टला, त्याच्या जागी आळीपाळीने दुसरा. दोन-तीन महिन्यांनी एचआरच्या साहेबांना शंका आली. काळुराम थर्ड शिफ्टला दिसतच नाही म्हणाले. शिंदे दादा म्हणाले, "साहेब, तुम्ही थर्डला राउंड मारता ते झोपलेले शोधायला. तो झोपतच नाही, तुम्हाला दिसणार कसा?"

झोप तीन तासांवर आली, मग चार. आठव्या महिन्यात एका सकाळी काळुराम बूट, हेल्मेट, बेल्ट सगळं काढून काट्यावर उभा राहिला. एकोणनव्वद आणि सहाशे ग्रॅम. बीपी एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी. अजून थोडा वर, पण डॉक्टर म्हणाले, रजिस्टर घेऊन या, इथे एकदा घेऊन बघतो, ठीक आला तर परवानगीच्या कमिटीपुढे नाव पाठवतो. तारीख मिळाली.

* * *

त्या तारखेला त्याचा नंबर लागला नाही. पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली.

अठराव्या दिवशी सुनंदा गेली. डायलिसिस चालू असतानाच तिचा बीपी एकदम पडला आणि परत वर आलाच नाही. मी फर्स्ट शिफ्टला होते. शिंदे दादा सांगायला आले आणि दारातच उभे राहिले, तेव्हाच मला कळलं. मी रडले. रजिस्टर मिटून ठेवलं आणि त्या दिवशी कुणालाही आत घेतलं नाही.

तेरावं झालं आणि काळुराम कामावर आला. पावणेअकराला माझ्या दारात. मला वाटलं नुसता भेटायला आलाय. तर तो नेहमीच्या स्टुलावर बसला आणि त्याने बाही वर केली. मी पट्टा बांधला.

"किती?" त्याने विचारलं.

"एकशे अठरा, शहात्तर."

"लिहा," तो म्हणाला.

इंजेक्शन त्याने सोडलं होतं, शेवटचा पेन अजून माझ्या फ्रिजमध्ये पडून होता. झोप लागते का विचारलं तर म्हणाला, पडलं की लागती, सकाळीच डोळा उघडतो. मी रजिस्टरला लिहिलं. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते मला सुचेना, म्हणून तो रिकामा सोडला.

जाता जाता त्याने विचारलं, सिस्टर, त्या दिवशी नंबर लागला असता तर? मी म्हटलं, डॉक्टरांना मध्येच ऑपरेशनला जावं लागलं रे, कुणाचाच नंबर लागला नाही. सुनंदाने आणि मी त्याला हेच सांगितलं होतं. अजूनही तो अधूनमधून विचारतो आणि अजूनही मी हेच सांगते.

* * *

आता शेवटचा सांगते. काळुरामच्या कानावर जाऊ देऊ नका.

त्या तारखेला मी रजा टाकून त्यांच्याबरोबर हॉस्पिटलला गेले होते, मांडीवर रजिस्टर घेऊन. सकाळचे अकरा वाजले होते. आमचा चौदा नंबर, आत नववा चालू; नंबर हुकला की नवीन तारीख. बाकावर काळुराम, मध्ये सुनंदा, या टोकाला मी. आदल्या रात्री काळजीने त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, डोळे लाल झाले होते. मी मनातल्या मनात हिशोब करत होते की एकशे चाळीसच्या आत आला तरी पुरे.

अकरावा नंबर आत गेला आणि काळुरामचं डोकं हळूच सुनंदाच्या खांद्यावर टेकलं. मग घसरून दंडावर आलं. तो तिचा डायलिसिसचा हात. त्या हातावर भार द्यायचा नसतो, तिथली नस बंद पडू शकते. मी उठून त्याचं डोकं सरळ करायला गेले. सुनंदाने मान हलवून मला थांबवलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या गालाखाली घातला, म्हणजे भार तळव्यावर येईल. तशीच वाकडी होऊन बसली.

बारावा गेला. तेरावा गेला. काळुरामचं तोंड उघडं पडलं आणि घशातून बारीक आवाज यायला लागला. मग मोठा. समोरच्या बाकावरची माणसं बघायला लागली, एक लहान मुलगी हसली.

दारातून हॉस्पिटलच्या मावशींनी पुकारलं, चौदा नंबर. मी रजिस्टर घेऊन उठले. सुनंदाने माझी ओढणी धरली. मावशींनी परत पुकारलं, मग तिसऱ्यांदा, आमच्याकडेच बघून. मी सुनंदाकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता, हात अवघडला होता, आणि अठरा वर्षं ज्या घोरण्याने तिला झोपू दिलं नाही ते ती कान देऊन ऐकत होती.

"ताई, बसा," ती हळू आवाजात म्हणाली. "घोरत्यात बघा."

मी बसले. मावशींनी पंधरा नंबर पुकारला, आणि एक माणूस फाइल घेऊन आत गेला.